बॅटरी पूर्ण उतरलेली गाडी

किल्ली फिरवल्यावर गाडीतून नुसता ‘खट् खट्’ आवाज आला, तर बॅटरी अशक्त झाली आहे असे समजावे. काहीच झाले नाही, डॅशबोर्डवरचा एकही दिवा लागला नाही आणि हॉर्नही गप्प राहिला, तर ती पूर्ण उतरली आहे. (त्याआधी बॉनेट उघडून टर्मिनल सैल तर नाही ना, हे हाताने हलवून पाहावे. कित्येकदा एवढ्यावरच काम भागते.) हा फरक महत्त्वाचा आहे. चार माणसे जमवून धक्का मारणे हा आपल्या देशाचा लाडका उपाय, पण तो पहिल्या गाडीला लागू पडतो, दुसरीला बहुधा नाही.

आधी बॅटरी रिकामी का होते ते पाहू. १८५९ साली फ्रेंच शास्त्रज्ञ गॅस्टन प्लान्टे याने शिसे आणि सल्फ्युरिक आम्ल वापरून पुन्हा चार्ज होणारी बॅटरी केली. आजही बहुतेक गाड्यांत तत्त्व तेच आहे. आत सहा सेल एकसर जोडलेले असतात. प्रत्येकाचे साधारण २.१ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते. १२ व्होल्ट दिसले तर आपल्याला वाटते ठीक आहे, पण तेव्हा ती तीन-चतुर्थांश रिकामी झालेली असते. १०.५ म्हणजे संपलीच.

लहान गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. दोन हेडलाइट प्रत्येकी ५५ वॅटचे धरले, तर मिळून सुमारे ९ अँपिअर खातात. म्हणजे चार तासांच्या आत खेळ खलास. पहाटे धुक्यात निघून परेड पाहायला येणाऱ्या पालकांनी हा हिशोब लक्षात ठेवावा. परेड, बक्षीस समारंभ आणि जेवण धरून चार तास सहज होतात! दार नीट न लागल्याने आतला ५ वॅटचा दिवा जळत राहिला, तर साडेतीन दिवस लागतात. आणि काहीही चालू नसताना घड्याळ, अलार्म, सेंट्रल लॉक हे मिळून ५० मिलीअँपिअरपर्यंत घेत असतात. तेवढ्यानेही महिन्याभरात बॅटरी तळाला जाते. बाबा फील्ड पोस्टिंगवर आणि गाडी क्वार्टरच्या मागे झाकून ठेवलेली, अशा घरांत हेच घडते.

आता धक्क्याचे. स्विच ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीने वेग घेतला की क्लच सोडायचा. चाके इंजिन फिरवतात. पण पेट्रोल गाडीत ठिणगी पडायला वीज हवी, इंजेक्शनच्या गाडीत इंधनाचा पंप आणि संगणकही विजेवरच चालतात. अल्टरनेटर देईल ना वीज, असे कोणी म्हणेल. तर अल्टरनेटरला स्वतःचे चुंबकत्व निर्माण करायलाही सुरुवातीला थोडी वीज लागते, आणि ती बॅटरीच देते. म्हणून शून्यावर गेलेल्या बॅटरीपुढे पलटणभर कॅडेट्सचा जोरही वाया जातो. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीला तर धक्का मारूच नये. जुनी, यांत्रिक पंपाची डिझेल जीप मात्र उतारावरून सोडली की बॅटरीशिवायही सुरू होऊ शकते. तिच्यात ठिणगी लागत नाही, दाबाच्या उष्णतेनेच डिझेल पेटते.

खरा उपाय जम्पर केबल. दुसरी चालू गाडी जवळ आणावी, पण दोन्ही गाड्या एकमेकींना टेकू नयेत. दोन्ही बंद, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेले. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या प्लसला, तिचे दुसरे टोक चांगल्या बॅटरीच्या प्लसला. मग काळी केबल चांगल्या बॅटरीच्या मायनसला. उरलेले काळे टोक उतरलेल्या बॅटरीला लावायचे नाही. ते बंद गाडीच्या इंजिनाच्या रंग नसलेल्या जाड धातूला, बॅटरीपासून लांब लावायचे. शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन वायू निघत असतो. हवेत तो ४ टक्के झाला तरी पेट घेतो. बॅटरी फुटली तर आम्ल थेट डोळ्यांत. बॅटरीवर वाकून काम करणाऱ्याला मागे ओढणे हे पाहणाऱ्यांचे काम आहे, मग तो आपला सीनियर का असेना.

चांगली गाडी चालू करून पाच-दहा मिनिटे थांबावे. इथे सगळे घाई करतात. पूर्ण उतरलेली बॅटरी आधी स्वतःच वीज पिते. तिला थोडी पिऊ द्यावी, मग पाच सेकंदांहून जास्त नाही असा सेल्फ मारावा. नाही लागली तर थांबून पुन्हा. स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर सहज ओढतो, त्यामुळे बाजारातली जाड प्लास्टिकची आणि आत बारीक तार असलेली केबल नुसती तापते. गाडी सुरू झाली की केबल उलट्या क्रमाने काढावी.

आमच्यासारख्या शाळांत एक मोह हमखास होतो. कार बंद पडली की शेजारी उभ्या असलेल्या ट्रकवरून किंवा बसवरून केबल जोडण्याचा. बहुतेक ट्रक आणि मोठ्या बसमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसर असतात, म्हणजे २४ व्होल्ट. कारचे इलेक्ट्रॉनिक्स जळायला तेवढे पुरेसे आहे. प्लस-मायनस उलटे लावल्यावरही हेच होते.

द्रास किंवा लेहसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट तपासावी लागते. बॅटरी उतरते तेव्हा आतले आम्ल पातळ होत होत जवळजवळ पाणी होते, आणि शून्याखाली थोड्याच अंशांवर गोठते. भरलेली बॅटरी मात्र त्याच थंडीत टिकते. डबा फुगलेला किंवा तडकलेला दिसला तर केबल लावूच नये.

गाडी सुरू झाली म्हणजे बॅटरी भरली असे नाही. पाच मिनिटांची चक्कर मारून गाडी पुन्हा बंद केली तर सगळे पहिल्यापासून. रिकामी बॅटरी भरणे हे अल्टरनेटरचे कामही नव्हे, तो त्यात फार तापतो. चार्जरवर ३.५ अँपिअरने रात्रभर लावावी, म्हणजे क्षमतेच्या एक-दशांश. काही नवे चार्जर इतक्या कमी व्होल्टची बॅटरी ओळखतच नाहीत. अशा वेळी गॅरेजमध्ये द्यावी. किती दिवस रिकामी पडून होती तेही सांगावे, कारण पट्ट्यांवर साचलेले लेड सल्फेट आठवड्यांनी कडक होते आणि मग परत विरघळत नाही. चार्ज करून काढल्यावर रात्रभर ठेवून सकाळी व्होल्टमीटर लावावा. आकडा १२.४ च्या खाली घसरला असेल तर ती बदलायला झाली. जुनी दुकानदाराला परत द्यावी. आतल्या शिशामुळे नवीच्या किमतीत थोडे पैसे कमी होतात.