घाटाखालचे रोहिणखेड

बुलढाणा जिल्ह्यातली माणसे आजही जिल्ह्याचे दोन भाग करून बोलतात : घाटावर आणि घाटाखाली. धाड, बुलढाणा, चिखली घाटावर. मोताळा, मलकापूर, नांदुरा घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेची कड जिथे उतरते, त्या पायथ्याशी मोताळा तालुक्यात रोहिणखेड आहे. धाडपासून जवळच, जालना जिल्ह्यात, असईचे रणांगण आहे. 23 सप्टेंबर 1803 ची ती लढाई शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचली. रोहिणखेडच्या वाट्याला हे भाग्य आले नाही, जरी तिथे एक सोडून दोन मोठ्या लढाया झाल्या आणि 1582 सालची एक देखणी मशीद तिथे पडझड सोसत उभी राहिली.

गावाच्या इतिहासाचे मूळ त्याच्या जागेत आहे. बऱ्हाणपूर ही खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी. दौलताबाद आणि अहमदनगर दख्खनच्या सत्तेची ठाणी. त्या दोन बाजूंच्या फौजा एकमेकींवर चालून जात, तेव्हा डोंगर उतरण्याच्या मोजक्या वाटांवर गाठ पडे. रोहिणखेडचा घाट ही त्यांपैकी एक वाट.

पहिली लढाई 1437 ची, आणि ती एका लेकीवरून झाली. खानदेशच्या नसीर खानाची मुलगी बहमनी सुलतान अलाउद्दीन अहमद याला दिली होती. पुढे सुलतानाने संगमेश्वरच्या राजाच्या मुलीशी लग्न केले आणि पहिली राणी मागे पडली. बापाने जाब विचारायला वऱ्हाडावर स्वारी केली. दौलताबादचा सुभेदार खलफ हसन बसरी याने त्याला रोहिणखेडला गाठून मोडले, थेट बऱ्हाणपूरपर्यंत पाठलाग केला आणि ते शहर लुटले.

मशीद यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी आली. 1574 मध्ये निजामशाहीने वऱ्हाड जिंकून घेतले आणि इमादशाही संपली. त्या नव्या कारभारात खुदावंद खान हा सरदार वर आला. बाप मशहदचा, आई हबशी, अंगाने धिप्पाड आणि लढाईत धाडसी. तो महदवी होता. जौनपूरचे सय्यद मुहम्मद (1443–1505) यांनी स्वतःला महदी म्हणजे शेवटच्या काळात येणारा मार्गदर्शक घोषित केले. त्यांचे अनुयायी ते महदवी. हे लोक ‘दायरा’ करून एकत्र राहत, मिळेल ते सारखे वाटून घेत. कर्मठ उलेमांनी त्यांचा छळ केला, पण गुजरात आणि दख्खनमध्ये त्यांना शिपाईगिरी करणाऱ्यांतून मोठा पाठिंबा मिळाला.

खुदावंद खानाने 1581 मध्ये याच जिल्ह्यातल्या साखरखेर्ड्याला एक मशीद बांधली आणि पुढच्याच वर्षी रोहिणखेडला दुसरी. दोन्ही लहान, दोन्ही नेटक्या, आणि इतक्या सारख्या की वऱ्हाडाचे गॅझेटियर लिहिणाऱ्यांनी त्या एकाच स्थपतीच्या मानल्या. या लेखातली सगळ्यांत मोलाची गोष्ट हीच आहे. लढायांची नावे इतिहासकारांनी सांभाळली, सरदारांची चरित्रे दरबारी लेखकांनी लिहिली. पण जिल्ह्याच्या दोन टोकांना लागोपाठच्या वर्षी हात चालवणारा हा कारागीर कोण, कुठला, त्याच्या हाताखाली कोणत्या गावचे पाथरवट होते, याचा पुरावा फक्त या दोन इमारती. दोन्हींच्या कमानींची मापे, छज्जे, दगडाचे सांधे, टाकीच्या खुणा शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या तर त्याच्या कामाची पद्धत पुन्हा उभी राहू शकते. पहिल्या इमारतीत जे साधले नाही ते दुसरीत सुधारले का, एवढे कळले तरी तो माणूस नावाशिवायही ओळखीचा होईल.

मशिदी बांधणाऱ्याला मात्र वऱ्हाड फार काळ लाभले नाही. 1584 मध्ये वऱ्हाडच्या सरदारांचे अहमदनगरचा कारभारी सलाबत खान याच्याशी फाटले. वऱ्हाडचा सेनापती सय्यद मुर्तजा याच्यासोबत खुदावंद खानही पराभूत होऊन अकबराकडे गेला. तिथे त्याला मनसब मिळाली आणि अबुल फजलची बहीण त्याला दिली गेली. अबुल फजलचे वडील शेख मुबारक यांच्यावरही महदवी असल्याचा ठपका आलेला होता, हे इथे आठवावे. मोताळ्याकडच्या एका खेड्यातून निघालेला धागा असा अकबराच्या दरबारापर्यंत जातो.

इकडे 1589 मध्ये जमाल खान या महदवी सरदाराने अहमदनगरची सत्ता हाती घेतली, अल्पवयीन इस्माईल निजामशहाला गादीवर ठेवले आणि महदवी पंथाला राजाश्रय दिला. परदेशी मुसलमानांवर संकट आले. इतिहासकार फरिश्ता त्याच वर्षी अहमदनगर सोडून विजापूरला गेला. इस्माईलचा बाप बुऱ्हाण याने खानदेशच्या राजा अली खानाची मदत घेऊन मुलाविरुद्ध चाल केली. 1591 च्या उन्हाळ्यात गाठ पडली ती रोहिणखेडलाच. जमाल खान मारला गेला आणि निजामशाहीतली महदवींची सत्ता संपली. त्यांच्या एका सरदाराने उभारलेली मशीद तेव्हा नऊ वर्षांची होती.

साखरखेर्ड्यालाही लढाई चुकली नाही. ऑक्टोबर 1724 मध्ये निजाम-उल-मुल्कने मोगल सुभेदार मुबारिज खानाला तिथे ठार केले आणि विजयाची आठवण म्हणून गावाला फत्तेखेर्डा नाव दिले. हैदराबादच्या आसफजाही राज्याचा पाया या लढाईने पक्का झाला.

दोन्ही मशिदी केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीत आहेत. यादीत नाव आले म्हणजे इतिहास राखला गेला असे होत नाही. 2010 च्या दुरुस्त कायद्याने संरक्षित वास्तूभोवती 100 मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आहे आणि त्यापुढे 200 मीटर परवानगीवर. ज्याचे घर त्या हद्दीत येते त्याला जुन्या इमारतीची अडचणच आधी कळते. तिची थोरवी त्याला समजावून सांगायची जबाबदारी कोणी घेत नाही. पडक्या वास्तूंना दुसरी पीडा गुप्तधनाची. धनाच्या आशेने जोत्याखाली केलेला एक खड्डा दगडांचे थर कायमचे बिघडवतो, आणि तिथे धन बहुधा नसतेच.

अभ्यासाच्या वाटेतही अडथळे आहेत. मूळ साधने फारसीत आणि इंग्रजीत. वऱ्हाड निजामाकडून 1853 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेले, नंतर मध्य प्रांताशी जोडले गेले, 1956 मध्ये मुंबई राज्यात आले. कागद त्या त्या राजधानीत राहिले. जुन्या पुस्तकात रोहिणखेड ‘रोहनखेड’ किंवा ‘रोहनखेडा’ म्हणून येते, साखरखेर्डा ‘शकरखेलडा’ किंवा ‘फत्तेखेलडा’ म्हणून. हे माहीत नसलेला विद्यार्थी हाती आलेले पान उलटून पुढे जातो. त्यात महदवींचा इतिहास मराठीत फारच थोडा लिहिला गेला आहे.

तरीही काम आवाक्यातले आहे. घाटावरच्या आणि घाटाखालच्या महाविद्यालयांनी पुरातत्त्व खात्याची परवानगी घेऊन दोन्ही मशिदींची मापे आणि छायाचित्रे एकत्र करावीत, फारसी जाणणाऱ्याकडून शिलालेखांचे वाचन करून घ्यावे आणि ते मराठीत छापावे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे शेतांची, विहिरींची, जुन्या घाटवाटेची जी नावे आहेत, ती आधी लिहून घ्यावीत.