जोत्याला उतार केला, म्हणजे शाळा सर्वांची झाली?

घोडनदी आणि भीमेच्या काठचे शिरूर आणि दौंड हे दोन्ही तालुके उसाचे, मळ्यांचे आणि विखुरलेल्या वस्त्यांचे. इथे एखाद्या घरात ऐकू न येणारे किंवा सेरेब्रल पाल्सी असलेले मूल असले, की सल्ला ठरलेला असतो: ‘याला पुण्याच्या विशेष शाळेत घाला.’ सल्ला देणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, पण गावच्या शाळेवर या मुलाचा हक्कच नाही असे तो धरून चालतो, आणि ते चूक आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मधील कलम 31 सांगते की 40 टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत ‘किंवा’ त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकता येते. यातला ‘किंवा’ मुलाच्या आणि पालकांच्या हातात आहे, मुख्याध्यापकांच्या नव्हे. शिक्षण हक्क कायद्यात 2012 साली आलेली घरी शिकण्याची सवलतही तशीच. तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ती मागता येते, शाळेला ती त्याच्यावर लादता येत नाही. विशेष शाळा निरुपयोगी आहेत असे मात्र मी म्हणणार नाही. सांकेतिक भाषा बोलणारे सवंगडी कर्णबधिर मुलाला तिथेच भेटतात. पण राज्याच्या नियमांप्रमाणे प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असायला हवी, आणि शिरूर-दौंडहून पुणे साठ-सत्तर किलोमीटरच्या पुढे. सहा वर्षांच्या मुलाला वसतिगृहात ठेवायची तयारी किंवा ऐपत नसलेल्या घरापुढे खरा प्रश्न ‘जिल्हा परिषदेची शाळा की विशेष शाळा’ हा नसतो. शाळा की घर, एवढाच तो असतो.

खेड्यात दिव्यांग मुलांना शिकवणे जमणार नाही, असेही म्हटले जाते. दौंड तालुक्यातल्याच केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींना ब्रेल शिकवले जात होते, आणि रमाबाई वारल्या 1922 साली. तेव्हा ना कायदा होता, ना अनुदान.

दुसरा गैरसमज सिमेंटचा आहे. दाराशी उतार बांधला की शाळा ‘सुगम्य’ झाली, असे कागदावर लिहून मोकळे होता येते. पण उतारालाही गणित असते. प्रमाण 1:12 चे, म्हणजे दीड फूट उंच जोत्यासाठी अठरा फूट लांब उतार. जागा नाही म्हणून पाच-सहा फुटांत उरकलेल्या उतारावर चाकाची खुर्ची स्वतः चढवून पाहावी, मग ‘सुगम्य’ लिहावे. शिवाय उतार नीट असला तरी तो फक्त वर्गाच्या दारापर्यंत पोहोचवतो. आत गेल्यावर त्या मुलाला कोण शिकवणार?

खरी उणीव इथे आहे. रजनीश कुमार पांडे खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये प्राथमिक स्तरावर 10 आणि पुढच्या वर्गांत 15 दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण धरायला सांगितले. महाराष्ट्रात समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक वर्षानुवर्षे कंत्राटी होते आणि त्यांचा मुक्काम तालुक्याच्या गट साधन केंद्रात. 2024 साली राज्याने 4,860 पदांना मान्यता दिली, म्हणजे शाळांच्या दर समूह साधन केंद्रामागे एक. पाऊल चांगलेच आहे, पण अशा एका केंद्रात दहा-पंधरा शाळा येतात. आठवड्याचे दिवस मोजले की दिसते, एखाद्या शाळेच्या वाट्याला हा शिक्षक पंधरवड्यातून एकदा येणार. तेवढ्या वेळात तो मुलाला शिकवू शकत नाही. वर्गशिक्षकाला मात्र शिकवू शकतो, आणि म्हणून धोरणाचा भर त्यावर हवा: भेटीचे ठरलेले वेळापत्रक, मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, आणि दोन भेटींच्या मधल्या काळात वर्गशिक्षकाने काय करायचे याची लेखी नोंद.

यावर शिक्षकांचा आक्षेप रास्त आहे. साठपर्यंत पट असला तर कायदा दोनच शिक्षक देतो. एकेकाकडे दोन-दोन इयत्ता, त्यात ऑनलाइन माहिती भरणे, आणि आता हे मूल. बाकीच्यांचे नुकसान होणार नाही का? पण सोपी सूचना, चित्र, हाताळायची वस्तू, पुढचा बाक, फळ्यावर मोठे अक्षर, उत्तराला थोडा जास्त वेळ, यातले काय बाकीच्या मुलांना नको असते? ऊसतोडीच्या हंगामात परजिल्ह्यातून अर्ध्या वर्षासाठी आलेल्या मुलालाही नेमके हेच लागते. भार खरा आहे, पण तो कमी करायचा तर माहिती भरण्याची कामे कमी करावीत. मूल कमी करणे हा उपाय नव्हे.

दिव्यांगत्व डोळ्यांना दिसतेच, हाही समज घट्ट बसलेला. 1995 च्या कायद्यात सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात 21 आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, सिकलसेलही आहे. ज्याला वर्गात ‘ढ’ म्हणून मागे बसवले जाते, त्याची अक्षरे डोळ्यांपुढे खरोखर गोंधळत असू शकतात. प्रमाणपत्र नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. शिक्षण हक्क कायद्याखाली प्रवेश प्रत्येक मुलाचा आहे. प्रमाणपत्र लागते ते सवलतींसाठी, उदाहरणार्थ परीक्षेत लेखनिक किंवा तासाला 20 मिनिटे जादा वेळ. ते वेळेत काढले नाही, की दहावीच्या तोंडावर धावपळ होते.

राहिला पैसा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावेत असा शासनाचा आदेश आहे. रांजणगाव, कुरकुंभ औद्योगिक क्षेत्रांच्या आसपासच्या पंचायतींसाठी ही रक्कम किरकोळ नसावी. दुसरीकडे शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा तीच करते. दिव्यांग मुलाच्या आईने किंवा वडिलांनी त्या समितीत बसावे. आणि 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत उभे राहून दोन प्रश्न विचारावेत: गेल्या वर्षीचे 5 टक्के कशावर खर्च झाले, आणि आपल्या शाळेत विशेष शिक्षक कोणत्या वारी येतात? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला विसरू नये.