फळ्यावरचं दुसरं बोट

डग्लस एंगलबार्ट यांनी ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या एका सभागृहात माऊस जाहीरपणे चालवून दाखवला, हे अनेकांना ठाऊक असतं. त्याच प्रात्यक्षिकातला दुसरा प्रसंग कमी सांगितला जातो. सुमारे ५० किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमधून त्यांचे सहकारी बिल पॅक्सटन पडद्यावर आले. दोघं एकच मजकूर बघत बोलू लागले आणि त्या मजकुरावर दोघांचे दोन वेगळे कर्सर फिरत होते. आज कोल्हापुरातला एखादा नोकरदार रात्री जेवण आटोपून पुण्यातल्या मॅडमकडे ऑनलाइन इंग्रजीची शिकवणी घेतो, तेव्हा डिजिटल बोर्डावर हेच चाललेलं असतं.

व्हिडिओ कॉलमधून आवाज जातो, चेहरा जातो. बोट जात नाही. शेजारी बसलेल्याच्या वहीवर बोट ठेवून ‘हे इथं बघा’ म्हणता येतं. कॅमेऱ्यासमोर ‘इथं’ या शब्दाला काही अर्थच उरत नाही. भाषा शिकताना ही उणीव किरकोळ नसते. मायकल टोमासेलो आणि फरार यांनी १९८६ साली लहान मुलांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. मूल ज्या वस्तूकडे आधीच बघत होतं, तिचं नाव सांगितलं तर ते चांगलं शिकलं गेलं; त्याचं लक्ष दुसरीकडे ओढून नाव सांगितलं तर तितकंसं नाही. चाळिशीचा विद्यार्थी म्हणजे दीड वर्षाचं मूल नव्हे, हे मान्य. तरीही बोर्डावर शिकवणाऱ्यानं आपला कर्सर नाचवण्याआधी विद्यार्थ्याचा कर्सर कुठं आहे ते बघावं, एवढं त्यातून घ्यायला हरकत नाही.

कारण तो कर्सर बरंच काही सांगतो. ‘आय’, ‘टी’, ‘ड्रिंक’, ‘एव्हरी डे’ अशा चार चिठ्ठ्या बोर्डावर ठेवल्या आणि वाक्य जुळवायला सांगितलं, की मराठी माणसाचा हात ‘ड्रिंक’ उचलून आधी शेवटाकडे निघतो. आपलं क्रियापद तिथंच बसतं ना! मग चिठ्ठी मध्येच थबकते, मागे फिरते, ‘आय’च्या शेजारी येते. वहीत फक्त बरोबर उत्तर दिसलं असतं. बोर्डावर उत्तरापर्यंतची चुळबुळ दिसते, आणि शिकवायचं असतं ते त्या चुळबुळीलाच.

काळांचंही तसंच. ‘मी २०१५पासून पुण्यात राहतो’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे, म्हणून ‘आय लिव्ह इन पुणे सिन्स २०१५’ हे इंग्रजीही आपल्याला निर्दोष वाटतं. नियम सांगून हा घोळ सुटत नाही. एक आडवी रेघ ओढावी, तिच्यावर २०१५ची खूण करावी, आजची खूण करावी आणि दोन्हींमधला पट्टा बोलता बोलता रंगवत आणावा. ‘हॅव लिव्ड’ म्हणजे हा रंगवलेला पट्टा. इथं ‘बोलता बोलता’ महत्त्वाचं. फिओरेला आणि मेयर या मानसशास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवलं, की तयार आकृतीवर नुसतं बोलण्यापेक्षा शिक्षक डोळ्यांदेखत आकृती काढत गेला, तर विषयाची फारशी माहिती नसलेल्यांना ती जास्त समजते. रात्री जागून सजवलेल्या स्लाइड्सचं यामुळे वाईट वाटू शकतं, पण इलाज नाही.

आता तंत्राकडे. बोर्डावरची रेघ सहसा चित्र म्हणून जात नाही, बिंदूंची यादी म्हणून जाते. त्यामुळे ती व्हिडिओच्या तुलनेत फारच कमी डेटा खाते. रेंज गेली की कॅमेरा बंद करून आवाज आणि बोर्ड चालू ठेवणं शहाणपणाचं ठरतं ते याचमुळे. प्रत्येक रेघेला स्वतःची ओळख दिलेली असते. मग तुमची रेघ आधी पोचो की माझी, शेवटी दोन्ही पडदे सारखेच दिसतात. दोघांनी एकच चिठ्ठी एकाच क्षणी ओढली तर मात्र कुणातरी एकाचं ऐकावं लागतं. बऱ्याच बोर्डांत नंतर नोंदलेला बदल जिंकतो आणि दुसऱ्याच्या हाताखालून चिठ्ठी निसटते.

खरी अडचण उशिराची. गप्पा मारताना एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण २०० मिलिसेकंद लागतात, असं दहा भाषांच्या २००९च्या अभ्यासात आढळलं होतं. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. पुणे ते लंडन हे हवाई अंतर ७,००० किलोमीटरहून थोडं जास्त आहे, म्हणजे एका बाजूनं जायलाच किमान ३५ मिलिसेकंद. प्रत्यक्ष केबलचा वळसा आणि मधले सर्व्हर धरले की त्याहून जास्त. त्यात आवाज आणि रेघ अनेकदा वेगवेगळ्या सेवांमधून जातात. ‘हा शब्द बघा’ आधी ऐकू येतं, गोल नंतर उमटतो आणि विद्यार्थी भलत्याच शब्दाकडे बघत बसतो. उपाय साधा आहे: आधी गोल काढा, क्षणभर थांबा, मग बोला.

टायमर, स्टिकर, फुगे, फटाके ही बोर्डवाल्यांची हौस. प्रौढांच्या एकास एक शिकवणीत मला त्यांचा उपयोग दिसत नाही. उलट शब्द एका खिडकीत, अर्थ चॅटमध्ये, चित्र तिसरीकडे असं झालं, की विद्यार्थ्याची निम्मी शक्ती ते जुळवण्यात जाते. शब्दाचा अर्थ शब्दाला चिकटूनच लिहावा. उच्चारातला जोरही तिथंच दाखवता येतो: ‘फोटोग्राफ’मध्ये ठिपका ‘फो’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टॉ’वर, ‘फोटोग्राफिक’मध्ये ‘ग्रॅ’वर. ठिपका सरकवायचं काम विद्यार्थ्याचं.

भरलेला बोर्ड जपून ठेवता येतो, याचं फार कौतुक होतं. गूगलचं जॅमबोर्ड ३१ डिसेंबर २०२४ला बंद झालं, तेव्हा जपून ठेवणं किती कच्चं असतं हेही कळलं. महत्त्वाच्या बोर्डाची पीडीएफ आपल्याकडे असलेली बरी. पण ती पुन्हा पुन्हा वाचून फार काही साधत नाही. रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६च्या प्रयोगात पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा न बघता आठवून लिहिणारे. म्हणून पुढच्या तासाला कोरा बोर्ड उघडावा, पेन विद्यार्थ्याकडे द्यावं आणि २०१५ची ती रेघ त्याला आठवून काढायला सांगावी. कुठं अडतो ते दिसल्यावर जुना बोर्ड शेजारी आणावा. तोवर तो मॅडमकडेच राहू द्यावा.