मोडलेलं हाड जुळतं, ठिसूळपणा तसाच राहतो

सत्तरीतल्या आजी न्हाणीघरात घसरतात, मनगट मोडतं आणि सगळे म्हणतात, "पडल्यावर हाड मोडायचंच." पण उभ्या उभ्या घसरून पडल्यानं धडधाकट हाड सहसा मोडत नाही. एवढ्याशा पडण्यानं उतारवयात खुबा किंवा मणका मोडला, तर तेवढ्यावरच ऑस्टिओपोरोसिसचं, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याच्या आजाराचं, निदान करता येतं. मनगट मोडणं हा त्याच आजाराचा इशारा असू शकतो. आपल्याकडे मात्र प्लास्टर निघालं की विषय संपतो. खरं तर एकदा हाड मोडलं की पुढचं मोडण्याची शक्यता साधारण दुप्पट होते, आणि पहिली दोन वर्षं जास्त धोक्याची असतात.

"पण मला तर काही दुखत नाही!" हाडं विरळ होताना दुखत नाहीतच. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना बहुधा सांध्यातल्या कूर्चेच्या झिजेचा त्रास असतो. तो आजार वेगळा, त्याचे उपचारही वेगळे. मणका मोडलेलासुद्धा अनेकदा कळत नाही. तो दबतो, पाठीला बाक येतो आणि घरचे त्याचा दोष वयाला देऊन मोकळे होतात. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त कमी झाली असेल, तर पाठीच्या कण्याचा एक्स-रे काढायला हवा.

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होणारेही पुष्कळ. शरीरातलं सुमारे ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. रक्तात ते कमी पडू लागलं, की शरीर हाडांतून काढून तूट भरतं. त्यामुळे हाडं पोखरली गेली तरी रिपोर्ट उत्तम येऊ शकतो. रक्त तपासायचं ते वेगळ्या कारणासाठी: थायरॉइड, पॅराथायरॉइड, मूत्रपिंडाचा विकार किंवा मल्टिपल मायलोमासारखा कर्करोग यामागे नाही ना, हे पाहायला.

मोफत शिबिरात टाच यंत्रात ठेवून मिळणारा आकडा म्हणजे निदान नव्हे; फार तर पुढच्या तपासणीची शिफारस समजा. खरी तपासणी खुब्याच्या आणि कमरेच्या डेक्सा स्कॅनची. त्यातल्या टी-स्कोअरमध्ये तुमच्या हाडांची घनता तरुण निरोगी हाडांशी ताडून पाहतात. जागतिक आरोग्य संघटनेनं १९९४ मध्ये ठरवलेल्या निकषानुसार तो उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस. यातही एक मेख आहे. वय वाढतं तसे कमरेच्या मणक्यांना हाडाचे काटे फुटतात आणि तिथला आकडा फसवा, चांगला दिसतो. अशा वेळी खुब्याचा आकडा पाहावा. शिवाय उणे २.५ पर्यंत न पोहोचलेल्यांचीही हाडं मोडतात, म्हणून वय, आधीचं फ्रॅक्चर, धूम्रपान, आईवडिलांपैकी कुणाचा खुबा मोडला होता का, हे सगळं जमेला धरून 'फ्रॅक्स' या पद्धतीनं धोका मोजतात.

हा फक्त बायकांचा आजार नाही. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या आजोबांनीही तपासणी करून घ्यावी.

आता सर्वांत लाडका गैरसमज: "कॅल्शियमची गोळी चालू आहे ना!" उतारवयात दिवसाला सुमारे १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं, पण ते अन्नातलं धरून. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास मिळतं, मोठ्या पेलाभर दुधात तीनशे. कमी पडेल तेवढंच गोळीनं भरायचं. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितलेल्या आठवड्यांपुरतीच. ती वर्षानुवर्षं घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून मूत्रपिंडं बिघडू शकतात. आणि हाडं एकदा ठिसूळ झाली की या दोघांनी भागत नाही, हाडांची झीज रोखणारं औषध लागतं.

त्यातली अ‍ॅलेंड्रोनेटची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. चहाबरोबर घेतली तर ती फारशी अंगी लागत नाही. ज्यांना गोळी सोसत नाही त्यांना झोलेड्रॉनिक आम्लाची वर्षातून एकदाची सलाईन देता येते. या औषधांनी जबड्याचं हाड मरतं किंवा मांडीचं मोडतं, हे खोटं नाही, पण ऑस्टिओपोरोसिसच्या नेहमीच्या डोसला ते फार दुर्मीळ आहे. दाताचं मोठं काम आधी उरकून घ्यावं आणि तीन ते पाच वर्षांनी औषध चालू ठेवायचं का, हे डॉक्टरांना विचारावं. त्या भीतीपोटी औषधच टाळणं मला तरी महागात पडणारी काटकसर वाटते.

पडणं टाळणं हाही उपचारच. न्हाणीघरात धरायला दांडी, रात्री उजेड, मोतीबिंदूचं ऑपरेशन वेळेवर आणि झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार. तोल सावरण्याचे व्यायाम जरूर करावेत, मात्र मणका दबलेल्यांनी कमरेतून पुढे वाकण्याची आसनं टाळावीत.

हाडांची झीज रोखण्यासाठी गोळी किंवा सलाईनऐवजी डेनोसुमॅबचं सहा महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन सुरू असेल, तर पुढची तारीख कॅलेंडरवर ठळक लिहून ठेवा. ते मध्येच सोडलं तर कमावलेली घनता झपाट्यानं जाते आणि एकाच वेळी अनेक मणके मोडू शकतात. थांबवायचंच असेल, तर त्यामागून कोणतं औषध द्यायचं हे डॉक्टरांकडून आधी ठरवून घ्या.