मुंबईस आलेली भूकंपाची लाट

वर्धेहून समुद्र दूर खरा. परंतु मुंबईस कोण जात नाहीं? ता. २८ नोव्हेंबर १९४५ रोजीं पहाटे बलुचिस्तानच्या मकराण किनाऱ्याजवळ समुद्रतळ भूकंपानें हादरला. तळ एकदम उचलला गेला म्हणजे वरील सारें पाणी ढकललें जाऊन लाटा उठतात. त्यांसच त्सुनामी म्हणतात. सकाळीं ८ नंतर सुमारें २ मीटर उंचीची लाट मुंबईस पोहोंचली व तिनें १५ माणसें ओढून नेलीं. मध्यें चार तासांहून अधिक अवधि होता. पण इशारा देणारें कोणी नव्हतें. अशा लाटेनें विहिरी व शेतें खारट होतात. तिवरांचीं वनें तिचा जोर कांहींसा मोडतात. २००७ पासून हैदराबादचें केंद्र इशारे देतें. तथापि, विद्यार्थ्यांनो, समुद्र एकाएकीं मागें हटलेला दिसल्यास शिंपले वेचीत न बसतां तत्काळ उंच जागा गाठावी.