मुजद्दरा

मुजद्दरा हा लेव्हांट प्रदेशातील, म्हणजेच भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या सीरिया, लेबनॉन, जॉर्डन, पॅलेस्टाईन व इस्रायल या भूभागातील, एक पारंपरिक खाद्यपदार्थ आहे. अख्खी मसूर, तांदूळ किंवा बुरघुल (उकडून, वाळवून भरडलेला गहू) आणि तेलात सावकाश परतलेला भरपूर कांदा हे त्याचे तीन मुख्य घटक होत. आज प्रचलित असलेल्या पदार्थात मांस नसते आणि मसालेही मोजकेच असतात. त्यामुळे त्याचा रंग, गंध व चव ही बहुतांशी कांदा कसा परतला आहे यावर अवलंबून असतात. गरिबांचे अन्न म्हणून ओळखला जाणारा हा पदार्थ या प्रदेशातील मुस्लिम, ख्रिस्ती व ज्यू अशा तिन्ही समाजांच्या घरांत केला जातो.

नाव व व्युत्पत्ती

अरबी भाषेत 'मुजद्दरा' या शब्दाचा अर्थ 'वण असलेला' असा होतो. अरबीत देवीच्या रोगाला 'जुदरी' म्हणतात आणि दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे. पांढऱ्या भातात विखुरलेले मसुरीचे गडद दाणे चेहऱ्यावरील देवीच्या वणांसारखे दिसतात, यावरून हे नाव पडले. बोलीभाषांनुसार त्याचा उच्चार 'मजद्रा' किंवा 'मजद्दरा' असाही केला जातो.

इतिहास

मसूर आणि गहू ही दोन्ही पिके पश्चिम आशियातील 'सुपीक चंद्रकोर' या प्रदेशात सर्वप्रथम लागवडीखाली आली. त्यामुळे कडधान्य व तृणधान्य एकत्र शिजवण्याची प्रथा तेथे फार जुनी असणे स्वाभाविक आहे. तांदूळ मात्र तेथे नंतर आला. लेव्हांटच्या डोंगराळ भागांत त्याची लागवड होत नसल्याने तो विकत घ्यावा लागे. गहू घरच्या शेतात पिकत असल्यामुळे ग्रामीण भागात बुरघुलचा मुजद्दरा अधिक रूढ झाला.

या पदार्थाची सर्वांत जुनी ज्ञात लिखित कृती मुहम्मद बिन हसन अल-बगदादी याने 1226 मध्ये संकलित केलेल्या 'किताब अल-तबीख' या पाकग्रंथात आढळते. त्या कृतीत तांदूळ व मसुरीबरोबर मांसही आहे. मांस परवडत नसे अशा घरांत मांसाविना केलेला मुजद्दरा रोजच्या जेवणात असे आणि पुढे तोच प्रमाण मानला गेला.

बायबलच्या उत्पत्ती या पुस्तकातील 25व्या अध्यायात एसावाची कथा येते. भुकेने व्याकूळ झालेला एसाव मसुरीच्या कालवणाच्या मोबदल्यात आपला ज्येष्ठत्वाचा हक्क धाकटा भाऊ याकोब याला देऊन टाकतो. लोकपरंपरेत या कालवणाचा संबंध मुजद्दराशी जोडला जातो. मात्र मूळ कथेत मसुरीबरोबर भाकरीचा उल्लेख आहे, तांदळाचा किंवा कांद्याचा नाही.

घटक

मसूर: या पदार्थासाठी साल असलेली तपकिरी किंवा हिरवी अख्खी मसूर वापरतात. सालीमुळे दाणा शिजल्यावरही आपला आकार टिकवून ठेवतो. साल काढलेली केशरी मसूरडाळ लवकर विरघळते, म्हणून ती मोकळ्या मुजद्दरासाठी योग्य ठरत नाही. महाराष्ट्रात 'अख्खा मसूर' या नावाच्या भाजीसाठी वापरली जाणारी मसूर येथेही चालते.

तांदूळ किंवा बुरघुल: तांदूळ मध्यम किंवा लांब दाण्याचा घेतात. बुरघुल जाड दाण्याचे लागते. बुरघुल आणि भारतातील दलिया हे दिसायला सारखे असले तरी एक नाहीत. दलिया हा कच्च्या गव्हाचा भरडा असतो, तर बुरघुलसाठी गहू आधी उकडून वाळवतात आणि मग भरडतात. त्यामुळे बुरघुल लवकर शिजते व मोकळे राहते. दलिया वापरल्यास तो अधिक वेळ घेतो व चिकट होण्याचा संभव असतो.

कांदा: कांद्याचे प्रमाण प्रथमदर्शनी अवाजवी वाटावे इतके असते. एक वाटी मसुरीला तीन ते चार मोठे कांदे सहज लागतात. परतल्यावर त्यांचे आकारमान कच्च्या कांद्याच्या लहानशा अंशाइतके उरते.

इतर: ऑलिव्ह तेल, मीठ, जिरे व काळी मिरी. काही घरांत धने किंवा दालचिनी घालतात.

कांदा परतण्याची प्रक्रिया

कांद्याच्या वजनाचा सुमारे 90 टक्के भाग पाण्याचा असतो. हे पाणी पातेल्यात असेपर्यंत कांद्याचे तापमान 100 अंश सेल्सियसच्या फारसे वर जात नाही. या अवस्थेत कांदा मऊ व पारदर्शक होतो, पण त्याला रंग येत नाही. पाणी आटल्यानंतर तापमान वाढते आणि कांद्यातील शर्करा व अमिनो आम्ले यांच्यात मेयार अभिक्रिया वेगाने होऊ लागते. पुढे शर्करेचे थेट भर्जनही होते. तपकिरी रंग, गोडवा आणि मांसाची आठवण करून देणारा खमंगपणा या अभिक्रियांतून येतो. मांस नसूनही मुजद्दरा फिका लागत नाही, याचे प्रमुख कारण हेच होय.

या प्रक्रियेला घाई चालत नाही. आच मोठी ठेवल्यास कांद्याच्या कडा करपतात आणि आतला भाग कच्चा राहतो. करपलेल्या कडांचा कडवटपणा पुढे संपूर्ण भाताला लागतो. सुरुवातीला चिमूटभर मीठ घातल्यास कांद्यातील पाणी लवकर सुटते. कुरकुरीत कांदा हवा असल्यास मात्र तळताना मीठ टाळतात. असा कांदा हवा त्यापेक्षा किंचित फिका असतानाच तेलातून काढावा लागतो, कारण बाहेर काढल्यावरही तो काही क्षण शिजत राहतो व गडद होतो.

घरगुती कृती

पुढील प्रमाण चार व्यक्तींच्या जेवणास पुरेसे होते.

साहित्य: अख्खी मसूर 200 ग्रॅम, तांदूळ 200 ग्रॅम, मोठे कांदे 4, ऑलिव्ह तेल सुमारे 100 मिलिलिटर, जिरेपूड 1 चमचा, मिरपूड पाव चमचा, मीठ चवीनुसार.

1. तांदूळ धुऊन 20 मिनिटे भिजत ठेवावेत. मसूर निवडून धुवावी. ती भिजवण्याची आवश्यकता नसते.

2. कांदे उभे, एकसारख्या जाडीचे चिरावेत. जाडी कमीजास्त असल्यास पातळ काप करपतात तेव्हा जाड काप कच्चेच असतात.

3. रुंद व जड बुडाच्या भांड्यात तेल तापवून कांदा मध्यम-मंद आचेवर 30 ते 40 मिनिटे परतावा. कांदा गडद तपकिरी झाला की निम्मा बाजूला काढून ठेवावा. उरलेला कांदा व तेल भांड्यातच राहू द्यावे.

4. दुसऱ्या पातेल्यात मसूर एक लिटर पाण्यात सुमारे 15 मिनिटे उकळावी. दाणा बोटांनी चेपला जावा, पण मध्यभागी कणी जाणवावी. मसूर गाळून घ्यावी व तिचे पाणी राखून ठेवावे.

5. कांद्याच्या भांड्यात जिरेपूड व मिरपूड घालून क्षणभर परतावे. त्यात निथळलेले तांदूळ, मसूर, मीठ आणि मसुरीचे राखलेले गरम पाणी सुमारे 450 मिलिलिटर घालावे. ते पाणी कमी पडल्यास साध्या गरम पाण्याची भर घालावी.

6. उकळी आल्यावर आच अगदी मंद करावी आणि घट्ट झाकण ठेवून 15 मिनिटे शिजवावे. या काळात ढवळू नये. आच बंद केल्यावर आणखी 10 मिनिटे झाकण न काढता भात मुरू द्यावा.

7. भात काट्याने हलकेच मोकळा करून ताटात काढावा व बाजूला ठेवलेला कांदा वर पसरावा.

मसूर आणि तांदूळ यांना शिजण्यास लागणारा वेळ वेगळा असल्यामुळे मसूर आधी अर्धवट शिजवणे महत्त्वाचे असते. दोन्ही एकदम घातल्यास मसूर टणक राहते किंवा भाताचा गोळा होतो. प्रेशर कुकरमध्ये अख्ख्या मसुरीचे दाणे फुटण्याचा संभव असल्याने उघडे पातेले अधिक सोयीचे ठरते. लिंबू, टोमॅटो यांसारखे आंबट घटक मसूर शिजण्यापूर्वी घालत नाहीत, कारण आम्लामुळे दाणे मऊ होण्यास उशीर लागतो. कठीण पाण्यातील कॅल्शियमचाही असाच परिणाम होतो.

प्रादेशिक प्रकार

मुदर्दरा: लेबनॉनमध्ये मोकळ्या भाताच्या व अख्ख्या मसुरीच्या प्रकारास हे नाव आहे. तेथे अनेक ठिकाणी 'मुजद्दरा' हे नाव मसूर पूर्णपणे घोटून केलेल्या, खिरीसारख्या दाट प्रकारासाठी राखीव असते.

मुजद्दरा हमरा: 'हमरा' म्हणजे लाल. दक्षिण लेबनॉनमधील हा प्रकार बुरघुलचा असतो. कांदा करपण्याच्या अगदी जवळ येईपर्यंत गडद करतात, त्यात पाणी घालून उकळतात आणि त्या लालसर तपकिरी पाण्यातच बुरघुल शिजवतात.

मुजेंद्रा: सायप्रसमधील मसूर, तांदूळ व परतलेल्या कांद्याचा पदार्थ. त्याचे नाव अरबी नावावरूनच आले आहे.

कुशरी: इजिप्तमधील या पदार्थात तांदूळ व मसुरीबरोबर मॅकरोनी, काबुली चणे, टोमॅटोचा रस्सा, लसूण घातलेले व्हिनेगर आणि कुरकुरीत कांदा असतो.

खिचडीशी संबंध

डाळ व तांदूळ एकत्र शिजवण्याच्या पद्धतीमुळे मुजद्दराची तुलना भारतीय खिचडीशी केली जाते. इब्न बतूता या मोरोक्कोच्या प्रवाशाने 14व्या शतकात भारतात मूग व तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खाण्याच्या प्रथेची नोंद केली आहे. इजिप्तमधील 'कुशरी' आणि इराकमधील 'किचरी' ही नावे 'खिचडी' या शब्दावरून आली असावीत, असे सामान्यतः मानले जाते. इराकमधील ज्यू समाजात मसूरडाळीची किचरी गुरुवारच्या जेवणात करण्याची प्रथा होती. याच समाजातील काही कुटुंबे 19व्या शतकात मुंबई व पुणे येथे स्थायिक झाली.

मुजद्दराचे नाव मात्र अरबी मूळाचे असून त्याची नोंद 13व्या शतकातील आहे. खिचडीत डाळ व तांदूळ एकजीव होणे बहुधा अपेक्षित असते आणि चव फोडणीतून येते. मोकळ्या मुजद्दरात प्रत्येक दाणा वेगळा राहावा लागतो आणि फोडणीचे काम कांदा करतो.

सामाजिक व धार्मिक संदर्भ

पूर्वेकडील ख्रिस्ती पंथांत ईस्टरपूर्व उपवासकाळात मांस, अंडी व दुग्धजन्य पदार्थ वर्ज्य असतात. तेलात केलेला मुजद्दरा या नियमांत बसत असल्याने त्या काळात तो वारंवार केला जातो. ज्यू परंपरेत मसूर हे शोककाळातील अन्न मानले जाते. तिचा गोल आकार जीवनचक्राचे प्रतीक समजला जातो. स्वस्त व टिकाऊ जिन्नसांपासून होत असल्यामुळे टंचाईच्या काळातही हा पदार्थ घरोघरी शिजत राहतो.

पोषणमूल्य

कोरड्या मसुरीत दर 100 ग्रॅममागे सुमारे 25 ग्रॅम प्रथिने असतात. मसुरीत लायसिन हे अमिनो आम्ल भरपूर, तर मेथिओनिन कमी असते. तांदूळ व गव्हात याच्या उलट स्थिती असते. त्यामुळे दोन्ही एकत्र खाल्ल्यास प्रथिनांचा दर्जा सुधारतो. मसुरीत लोह व तंतुमय घटकही असतात. वनस्पतिजन्य लोहाच्या शोषणास क जीवनसत्त्व साहाय्यक ठरते. मुजद्दराबरोबर लिंबू पिळलेली काकडी-टोमॅटोची किंवा कोबीची कोशिंबीर घेण्याची प्रथा या दृष्टीनेही उपयुक्त आहे. याशिवाय दही आणि लोणची त्यासोबत वाढतात. हा पदार्थ गरम, कोमट किंवा गार अशा कोणत्याही स्वरूपात खाल्ला जातो.

हे सुद्धा पहा

खिचडी
मसूर
बुरघुल
कुशरी