मगनवाडीचा दिवा

सेवाग्रामची बापूकुटी पाहून झाली की बहुतेक पाहुणे थेट स्टेशन गाठतात. वाटेत वर्ध्यातली मगनवाडी राहून जाते. हवामानबदल लोकांना कसा समजवावा, या विवंचनेत असणाऱ्यांनी तरी तिथे डोकवावं.

सेवाग्रामला जाण्याआधी गांधीजी इथे राहत. जागा जमनालाल बजाजांनी दिलेली. 1934 च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं हे ठाणं. संघ काँग्रेसच्या ठरावातून निघालेला, तरी तिच्या राजकारणापासून अलिप्त. सचिव जे. सी. कुमारप्पा लंडनला हिशेबनिशी शिकलेले. त्यांनी निसर्गाचाही ताळेबंद मांडला: कोळसा, खनिज तेल ही साठवलेली पुंजी; पीक, जंगल, वाहतं पाणी ही चालू मिळकत.

हे खेड्यात कोण ऐकणार? संघाने व्याख्यानांवर भिस्त ठेवली नाही. रॉकेलऐवजी घाण्याच्या तेलावर जळणारा ‘मगनदीप’ बनवला, पत्रिका काढली. 1938 च्या डिसेंबरात गांधीजींच्या हस्ते संग्रहालयही उघडलं.

कुमारप्पांना चिंता होती साठा सरण्याची. तापमानवाढ त्यांच्या हिशेबात नव्हती. योगायोग असा, की त्याच 1938 साली गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्याने इंधनाच्या धुरातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापते आहे, असं आकडेवारीनिशी मांडलं. (ही ऊब फायद्याचीच, असं त्याला वाटे!)

आज मगनदीप दोन्ही हिशेब एकदम सांगतो. करडईच्या तेलातला कार्बन त्या झाडाने गेल्या हंगामातच हवेतून घेतलेला. जळाला की हवेचं हवेत परत. रॉकेलमधला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीखाली गाडलेला. तो जळतो तेव्हा हवेत नवी भर पडते. 1958 मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ पर्वतावर मोजणी सुरू झाली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 315 भाग होते. आता 420 च्या वर आहेत. आलेख दाखवून हे सांगता येतं, पण शेजारी शेजारी ठेवलेले दोन दिवे मला जास्त बोलके वाटतात.

अर्थात हिशेब इतका सरळ नाही. ट्रॅक्टरने नांगरलेल्या, रासायनिक खत घातलेल्या करडईत डिझेलही मुरलेलं असतंच. चुलीतलं लाकूडही, तोडलेलं झाड पुन्हा वाढलं तरच चालू मिळकतीत धरायचं. आणि धूर तर दोन्हीकडे. मगनवाडीत घडवलेल्या चुलीला म्हणूनच धुराडं आहे. ते बाईचं स्वयंपाकघर वाचवतं, हवेतला कार्बन मात्र कमी करत नाही.